वस्तूचा दर्जा आणि किंमत: विज्ञानकथा आरपीजीतला आमचा घरचा नियम, बऱ्याच महिन्यांच्या वापरानंतर

विज्ञानकथेच्या टेबलटॉप आरपीजीत, म्हणजे टेबलाभोवती बसून पात्रांच्या भूमिका घेऊन खेळायच्या खेळात, वस्तूंचा दर्जा आणि किंमत यांची सांगड घालणारा एक घरचा नियम आमच्या गटाने बनवला आणि गेले बरेच महिने सलग वापरला. नियम टिकला. त्याने खेळाची चव बदलली आणि काही ठिकाणी डोकंही खाल्लं. मराठीत खेळणाऱ्या इतर गटांना उपयोग होईल म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आम्ही गोरेगावात एका मैत्रिणीच्या घरी रविवारी दुपारी जमतो. हार्बरवर मेगाब्लॉक असला की पनवेलकडचे दोघे उशिरा येतात आणि तोवर आम्ही जहाजाचा हिशेब उरकून घेतो. रेफ्री, म्हणजे खेळ चालवणारी, मी. बोलणं सगळं मराठीत, नियमांचे शब्द मात्र इंग्रजीच. आमचे नियम ‘ट्रॅव्हलर’च्या घराण्यातले. हा खेळ मार्क मिलर यांनी रचला आणि गेम डिझायनर्स वर्कशॉपने १९७७ मध्ये काढला. दोन फासे टाकायचे, बेरजेत आपलं कौशल्य मिळवायचं, ८ किंवा जास्त आले की काम फत्ते. वस्तूंच्या यादीत किंमत असते, वजन असतं, टेक लेव्हल (तंत्रज्ञानाची पातळी) असते. ऑटोपिस्तूल २०० क्रेडिट (हे खेळातलं चलन), रायफल २००, लेझर रायफल ३,५००. पण २०० क्रेडिटचं एक पिस्तूल आणि दुसरं पिस्तूल यांत त्या यादीप्रमाणे काहीच फरक नसतो.

मुंबईची माणसं अशा यादीवर समाधान मानत नाहीत. पहिल्याच खरेदीत प्रश्न आले: जुनं चालेल, निम्म्यात मिळेल का? हाच माल बिनबिलाचा कितीला? आणि जास्त पैसे टाकले तर जरा बरा देशील का? रास्त प्रश्न आहेत. त्यांना दर वेळी तोंडाला येईल ते उत्तर द्यायचं नाही म्हणून नियम हवा होता.

बहुतेक खेळांतला रुळलेला मार्ग म्हणजे जास्त पैसे मोजा आणि फाशांवर ‘अधिक’ मिळवा. ‘गर्प्स’ या दुसऱ्या आरपीजीमध्ये हे अगदी सरळ लिहिलेलं आहे. कौशल्याच्या कामाला लागणारं साहित्य मूळ किमतीच्या साधारण ५ पट मोजून घेतलं तर अधिक १, साधारण २० पट मोजलं तर अधिक २. गर्प्समध्ये तीन फासे टाकतात आणि बेरीज कौशल्याच्या आकड्याइतकी किंवा कमी यावी लागते. ज्याचं कौशल्य १० आहे त्याची यशाची शक्यता अधिक १ ने ५० टक्क्यांवरून ६२.५ वर जाते. ज्याचं १४ आहे त्याची ९०.७ वरून ९५.४ वर. म्हणजे त्याच ५ पट किमतीत नवशिक्याला साडेबारा टक्के मिळतात आणि उस्तादाला पाचाच्याही आत. तीन फासे आणि मोठे आकडे असल्यामुळे तिथे हे निभावून जातं.

दोन फाशांच्या खेळात ते निभावत नाही. इथे ८ किंवा जास्त पडण्याची शक्यता ३६ पैकी १५, म्हणजे ४१.७ टक्के. अधिक १ मिळाला की ५८.३, अधिक २ मिळाला की ७२.२. आणि या खेळात एकेक अधिक किती महागात पडतो ते पाहा. पात्र तयार करताना नौदल, सैन्य किंवा व्यापारी जहाजावरच्या नोकरीची चार-चार वर्षं काढावी लागतात आणि त्या चार वर्षांत हाताला एखाद-दुसरं कौशल्य लागतं. आमच्या जहाजाची इंजिनिअर अशी बारा वर्षं घासून आली आहे. तिच्याशेजारी पहिल्यांदाच पाना हातात धरणारा कोणी अधिक २ वाला महागडा टूलकिट घेऊन उभा राहिला, तर तिची कित्येक वर्षं त्याने काउंटरवर पैसे मोजून विकत घेतली असा त्याचा अर्थ होतो. हे मला मान्य नाही, आणि माझ्या नियमाची सगळी उभारणी या एका नकारावर आहे.

मग जास्त पैशाने मिळायचं काय? याचं उत्तर त्या १९७७ च्या खेळातच होतं, फक्त इंधनाच्या पानावर. शुद्ध इंधन ५०० क्रेडिट टन, अशुद्ध इंधन १०० क्रेडिट टन. ए आणि बी दर्जाच्या स्टारपोर्टवर (अंतराळबंदरावर) शुद्ध मिळतं, सी आणि डी वर फक्त अशुद्ध, ई वर काहीच नाही. फ्री ट्रेडर या दोनशे टनी व्यापारी जहाजाची टाकी ३० टनांची, म्हणजे एक टाकी एकतर १५,००० ची नाहीतर ३,००० ची. पाचपट पैसे मोजून जहाज तसूभरही लांब जात नाही की लवकर पोचत नाही. जंपला, म्हणजे एका ताऱ्याकडून दुसऱ्याकडे मारायच्या उडीला, आठवडाच लागतो. पाचपट पैसे मोजल्याने टळते ती जंप चुकण्याची आणि इंजिन बिघडण्याची धास्ती. मला हा आजवर वाचलेला सर्वांत नेमका दर्जा-किंमत नियम वाटतो. ‘सायबरपंक रेड’ या आरपीजीने २०२० मध्ये दोन्ही वाटा एकत्र घेतल्या: हलक्या दर्जाचं हत्यार फाशावर नुसता १ पडला की अडकतं, आणि उत्कृष्ट दर्जाच्या हत्याराला अधिक १ मिळतो. त्यातला पहिला अर्धा भाग मला मनापासून पटतो.

माझी नोकरी मापनयंत्रांच्या कॅलिब्रेशनची आहे, त्यामुळे या बाबतीत मी थोडी हट्टी आहे. एकाच बनावटीचे दोन मल्टिमीटर टेबलावर ठेवा, एक नुसता आणि एक सर्टिफिकेटसह. दोघे बहुधा तोच व्होल्टेज दाखवतील. सर्टिफिकेटचे पैसे देणारा गिऱ्हाईक मोठा आकडा विकत घेत नाही, त्या आकड्यावर विसंबायची सोय विकत घेतो. लॅमिंग्टन रोडवर इलेक्ट्रॉनिक्सचे सुटे भाग घेणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. चिपचं काम तेच असतं, पण व्यापारी दर्जाची ० ते ७० अंश सेल्सिअसला चालेल असं सांगून विकतात, औद्योगिक दर्जाची उणे ४० ते ८५ आणि लष्करी दर्जाची उणे ५५ ते १२५. किंमत चढते ती चाचणीची आणि नापास मालाची. अंतराळातल्या खेळाला याहून चांगला पाया कुठला मिळणार?

तर आमचा नियम असा. प्रत्येक वस्तूला पाचपैकी एक दर्जा. भंगार यादीतल्या किमतीच्या पावपट, सेकंडहँड निम्म्यात, नवा माल यादीच्या भावात, पारखलेला तिप्पट, अस्सल दहापट. फाशांच्या बेरजेवर यांतला कुठलाच दर्जा काही वाढवत नाही, काही घटवत नाही. पाहायचे ते फाशांवर पडलेले नुसते आकडे, कौशल्य न मिळवता. भंगार वस्तू वापरताना बेरीज २, ३ किंवा ४ पडली की तिची खोड (तिच्यातला ठरलेला दोष) उपटते, म्हणजे ३६ पैकी ६ वेळा. सेकंडहँडची २ किंवा ३ ला, ३६ पैकी ३ वेळा. नव्या मालाची फक्त २ ला. पारखलेल्या वस्तूवर २ पडले तर आणखी एक फासा टाकायचा आणि त्यावर १ आला तरच खोड, म्हणजे २१६ पैकी एकदा. अस्सल मालाला नेहमीच्या वापरात खोडच नाही.

त्या खोडीतच सगळी गंमत आहे. नव्याच्या खालच्या प्रत्येक वस्तूचं एक छोटं कार्ड असतं आणि त्यावर तिची खोड आधीच लिहिलेली असते. खेळाडूला ती खरेदीच्या वेळी वाचायला मिळते, कारण दुकानदार कितीही गोड बोलला तरी जहाजावर वाढलेला माणूस माल उलटसुलट करून बघणारच. ‘दहा मिनिटांनी तापतो आणि आकडा उशिरा दाखवतो.’ ‘कुलूप लागतं, पण लागल्याचा दिवा पेटत नाही.’ लोक स्वस्त माल निवडताना भावाइतकीच खोडही निवडायला लागले.

माझी मावसबहीण या मोहिमेत पहिल्यांदाच खेळते आहे. तिने डी दर्जाच्या स्टारपोर्टवर निम्म्या किमतीत व्हॅक सूट (निर्वात पोकळीत घालायचा पोशाख) घेतला. तीन कार्डांतून तिने निवडलेल्या कार्डावर लिहिलं होतं: डावं कोपर वाकवलं की सांध्यातून दाब गळतो. पुढे जहाजाच्या पाठीवर वाकलेला अँटेना सोडवायचा होता, दोन्ही हातांचं काम. फासे पडले १ आणि २. मी दाबाचा काटा उतरू लागल्याचं सांगितलं आणि टेबल गप्प झालं. तिने कार्ड पुन्हा वाचलं. “ताई, कोपर वाकवलंच नाही तर गळणार नाही ना?” नाही गळणार. मग तिने टूलकिटमधला लांब पाना बाहीवर पट्ट्याने बांधला, हात काठीसारखा ताठ केला आणि उरलेले बोल्ट एका हाताने काढले. हे करताना तिला फासे टाकावे लागले ते तिच्या कौशल्याच्या जोरावरच. सूटने तिला काही दिलं नाही, तिच्यापुढे एक अडचण उभी केली. एखादा उणे १ लावून मोकळी झाले असते तर यातलं काहीच घडलं नसतं. उणे १ डोळ्यांना दिसत नाही, कोपर दिसतं.

स्वस्त वस्तू म्हणजे वाईट वस्तू नव्हे, भरवसा न दिलेली वस्तू, हे नियमात ठसठशीत राहावं असा माझा आग्रह होता. याचा दाखला मंगळावर आहे. पर्सिव्हरन्स रोव्हरचा संगणक किरणोत्सर्ग सोसणाऱ्या आरएडी७५० प्रोसेसरवर चालतो, खास अंतराळासाठी बनवलेल्या, महागड्या आणि वेगाने तशा संथ. त्याच्याबरोबर गेलेल्या इन्जेन्युइटी हेलिकॉप्टरमध्ये मोबाइल फोनचा स्नॅपड्रॅगन ८०१ होता, रोव्हरच्या मेंदूपेक्षा कितीतरी वेगवान. १९ एप्रिल २०२१ ला ते पहिल्यांदा उडालं. बेत ५ उड्डाणांचा होता, झाली ७२. फोनची चिप कमी कामाची होती असं कोण म्हणेल? पण ज्या रोव्हरवर सगळी मोहीम अवलंबून होती त्यात कोणी ती बसवली नाही. आमच्या टेबलावर एक भंगारातला हातस्कॅनर गेली कित्येक सेशन एकदाही न कुरकुरता चालला आहे. इंजिनिअर त्याला कोणाला हात लावू देत नाही. सरसकट उणे १ असता तर तो केव्हाच विकला गेला असता.

सगळ्यात जड प्रसंग शीतनिद्रेच्या पेट्यांवरून आला. लो पॅसेजचं भाडं १,००० क्रेडिट. प्रवासी गोठलेल्या अवस्थेत जातो आणि पोचल्यावर जागा होण्यासाठी मूळ नियमात ५ किंवा जास्त पडावे लागतात. म्हणजे वैद्यकीय मदत नसेल तर सहा जणांत एक उठत नाही. एक पेटी ५०,००० ची. आमच्या काही पेट्या लढाईत निकामी झाल्या आणि कॅप्टनने सेकंडहँड पेट्या बसवल्या, २५,००० ला एक. इथे पडणारा फासा स्वतःच धोक्याचा असल्यामुळे दर्जाप्रमाणे आकडा सरकवावा लागला, सगळ्या नियमात हा एवढाच अपवाद: भंगार ७, सेकंडहँड ६, नवी ५, पारखलेली ४, अस्सल ३. टक्क्यांत सांगायचं तर नवी ८३.३, सेकंडहँड ७२.२, पारखलेली ९१.७. वीस पेट्या भरल्या असतील तर नव्यांत सरासरी तीन-साडेतीन माणसं जातात, सेकंडहँडमध्ये साडेपाच.

डॉक्टरची भूमिका करणारी मैत्रीण कॅप्टनला ताडकन म्हणाली, “अरे, पंचवीस हजार वाचवलेस, पण आत माणूस झोपणार आहे.”

“भाडं हजारच देतोय ना तो? त्यात मी नवी कुठून परवडवू?”

“मग घेऊ नकोस त्याला.”

बराच वेळ हा वाद चालला आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर होते. शेवटी सेकंडहँड पेट्यांत माणसं घ्यायची नाहीत, माल भरायचा असं ठरलं. तेवढं उत्पन्न बुडालं आणि जहाजाच्या कर्जाचा त्या महिन्याचा हप्ता भरायला त्यांना नको असलेलं एक काम पत्करावं लागलं. किंमत आणि दर्जा यांच्या एका साध्या तक्त्यातून एवढं निघेल असं मला वाटलं नव्हतं. वस्तूची जोखीम ज्याच्या जिवावर येते तो आणि ती विकत घेणारा वेगळे असले की हा नियम सगळ्यात जास्त बोलतो.

आता जिथे तो अडतो ते. बंदुका. लढाईत फासे इतक्या वेळा पडतात की भंगार पिस्तुलाची सहात एक ही शक्यता फार लवकर अंगावर येते. दहा गोळ्या झाडल्या तर त्यांत एकदा तरी अडकण्याची शक्यता ८४ टक्के होते. प्रत्येक लढाई अडकलेली पिस्तुलं झटकण्यात जाऊ लागली आणि लोक कंटाळले. म्हणून लढाईपुरतं असं ठरवलं की खोडीसाठी वेगळे फासे मॅगझिन बदलताना एकदाच टाकायचे. त्याने काम भागलं. मॅगझिन पुरवून वापरायची सवय लागली ती वेगळीच. एका झटक्यात पुष्कळ गोळ्या उडवणाऱ्या हत्यारांना हा उपायही नीट लागू पडत नाही. तिथे मी अजून प्रसंग बघून ठरवते.

दुसरी अडचण पैशांच्या दोन पातळ्यांची. फ्री ट्रेडरची किंमत जुन्या नियमांत ३ कोटी ७० लाख ८० हजार क्रेडिट. वीस टक्के आधी भरायचे, मग किमतीचा २४० वा भाग दरमहा, ४८० महिने. हप्ता पडतो १,५४,५०० चा. ज्या घरात महिन्याला दीड लाख हप्ता जातो तिथे २०० च्या पिस्तुलाऐवजी २,००० चं अस्सल पिस्तूल घेताना कोण थांबणार? जहाज हाती आल्यावर वैयक्तिक वस्तूंच्या दर्जाला किंमत उरत नाही. गुणक वाढवून हे सुटत नाही, कारण दहाचे शंभर केले तर जहाज नसलेल्यांना पारखलेला मालही स्वप्नात राहतो. आम्ही पैशाऐवजी उपलब्धतेला कुंपण घातलं. अस्सल माल फक्त ए दर्जाच्या स्टारपोर्टवर, पारखलेला ए आणि बी वर, आणि त्या ग्रहाची टेक लेव्हल वस्तूपेक्षा निदान एकने वर हवी. सी वर नवा आणि सेकंडहँड, त्याखाली जे मिळेल ते. आता दर्जासाठी पैसा कमी आणि वाट वाकडी करण्याचा वेळ जास्त लागतो, आणि हप्ता डोक्यावर असलेल्या कॅप्टनकडे वेळाचाच तुटवडा असतो. हे कुंपण मला मूळ तक्त्यापेक्षाही महत्त्वाचं वाटू लागलं आहे. नियम उचलणार असाल तर कुंपणासकट उचला.

कार्डांचा व्याप आहे, ते खरं. सहा जणांची दोन-दोन तीन-तीन कार्डं सांभाळता येतात. त्यापुढे ढीग होतो आणि कोणाचा सूट कुठला ते शोधण्यात वेळ जातो. ज्या वस्तूवर फासे पडतच नाहीत तिला, म्हणजे डबे, दोर, कपडे, यांना आम्ही दर्जा लावत नाही.

तिसरी भानगड व्यापाराची. भंगार पावपट किमतीत घ्यायचं, जंपच्या आठवड्यात दुरुस्त करायचं आणि नव्याच्या भावात विकायचं, ही युक्ती आमच्या टेबलावर सुचायला एक सेशनसुद्धा लागलं नाही. नुसती बंदी घालणं मला पटेना, कारण अशा हातांवर अर्धा बाजार जगतो आणि इंजिनिअरला जंपमध्ये करायला दुसरं काही नसतं. म्हणून असं ठरवलं: एका वस्तूचा दर्जा दुरुस्तीने एकाच पायरीने चढतो, आयुष्यात एकदाच. सुटे भाग लागतात दोन दर्जांच्या किमतीतल्या फरकाच्या निम्म्याचे. काम एका आठवड्याचं, आणि फासे चुकले तर कार्डावर दुसरी खोड चढते. विकताना घेणाराही कार्ड वाचतो, त्यामुळे दुरुस्त केलेली वस्तू नवी म्हणून खपत नाही, सेकंडहँड म्हणूनच जाते. त्यामुळे नफा राहिला, पण लुटीएवढा नाही. इंजिनिअरकडे आता दर जंपला एक वस्तू बाकावर असते आणि कोणाची आधी घ्यायची यावर रांग लागते.

लांबलचक लढायाच आवडणाऱ्या गटाला मी हा नियम सुचवणार नाही. एका बैठकीत संपणाऱ्या खेळातही याचा उपयोग नाही, कारण खोड असलेल्या वस्तूबरोबर थोडे दिवस राहावं लागतं. ज्यांच्याकडे जहाज आहे, कर्ज आहे आणि बंदरोबंदरी हिंडणं आहे त्यांनी मात्र जरूर लावून बघावा, आणि सुरुवात फक्त तीन दर्जांनी करावी: सेकंडहँड, नवा, पारखलेला. भंगार आणि अस्सल नंतर आणले तरी चालतात. पुढच्या मोहिमेत जहाजाच्या इंजिनालाही कार्ड देणार आहे. फ्री ट्रेडरचं जंप ड्राइव्ह एकटंच एक कोटीचं असतं, तेव्हा निम्म्या किमतीतलं सेकंडहँड घेण्याचा मोह केवढा असेल ते आमच्या कॅप्टनकडे बघूनच कळतं. त्या ड्राइव्हच्या खोडींची यादी करायला इंजिनिअरने आत्ताच घेतली आहे.